नजरेआड होऊ देऊ नये

३ सप्टेंबर, बुधवार

आज प्रशिक्षणात डॉक्टर म्हणाले, जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, माणसाची आठवण म्हणजे फुटकं मडकं. म्हणून ही वही आणली. सातवीपर्यंत शिकलोय. चुका झाल्या तरी वाचणारा मीच आहे.

काम असं आहे. स्पर्धेला देशोदेशीचे खेळाडू येणार. शर्यत संपली की त्यातल्या काहींची उत्तेजक औषधांसाठी तपासणी होते. मी 'सोबती'. खेळाडू रेषा ओलांडून आला की त्याला कागद दाखवायचा, सही घ्यायची आणि तिथपासून केंद्रात लघवीचा नमुना देईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. तो बसला की आपण बसायचं, तो उठला की उठायचं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या असतात, त्यातली त्यानंच निवडायची, त्यानंच उघडायची. हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, तरी मी घरी येऊन कागद पुन्हा वाचला.

मला घेतलं कारण इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नमुन्याच्या बाटल्या उचलल्या. एकही सांडली नाही. माझ्या जोडीला एक माजी कुस्तीगीर आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो म्हणाला, "आप्पा, दुसऱ्याच्या लघवीची वाट बघत बसायचं म्हणजे काय थोर नशीब! आपली तर आपल्याला आवरत नाही."

शेवटी एक फॉर्म भरायचा होता. जवळचे कोणी नातेवाईक या स्पर्धेत खेळाडू, प्रशिक्षक किंवा पथकात आहेत काय? मी पेन धरून बराच वेळ बसलो. मग 'नाही' लिहिलं.

मुलगी येणार आहे. दुसऱ्या देशाच्या पथकाबरोबर, जलद चालण्याच्या शर्यतीची प्रशिक्षक म्हणून. पण नऊ वर्षांत जिनं एक शब्द टाकला नाही, ती जवळची कशी? खोटं लिहिलं असं कोणी म्हणू शकणार नाही. रात्री दोनदा उठून गॅस बघितला. बंदच होता.

६ सप्टेंबर, शनिवार

आज निरीक्षक आले. हे ना आयोजकांचे, ना आमचे. तपासणाऱ्यांना तपासणारे. कामात हात घालत नाहीत, कोणाला थांबवत नाहीत, फक्त बघतात आणि शेवटी अहवाल लिहितात. आमच्या केंद्राच्या वाट्याला एक बाई आल्या आहेत. आपली भाषा शिकून बोलतात, पुस्तकातल्यासारखी. हातात सदा वही, म्हणून पैलवानानं तासाभरात त्यांचं नाव वहीवाल्या बाई करून टाकलं.

त्यांनी चहाही घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, "एक कप घ्या हो, त्यात काय?" तर म्हणाल्या, "क्षमा करा. मी आपली पाहुणी नाही."

मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि नमुन्यांच्या फ्रीजकडे बघत राहिल्या. फ्रीजला कुलूप होतं. किल्ली फ्रीजच्याच बाजूला खिळ्याला टांगलेली. बाईंनी काहीतरी लिहिलं. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संध्याकाळी किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात होती.

पैलवान म्हणाला, "घरी सासू, इथं ही. आपण जायचं कुठं?"

त्याला हसू येतं. मला नाही येत. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, तर मी टेबलावरच्या बाटल्या पुन्हा मोजायला लागलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

७ सप्टेंबर, रविवार

रविवारी मुलीचा फोन येतो. हिच्या मोबाइलवर. ही स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून घेते. मला इकडची बाजू ऐकू येते फक्त. "हो... हो गं... जेवले... नाही, जिना चढताना धरतो गुडघा... तसेच आहेत, काय बदलायचंय?"

मग हसणं. काय सांगितलं म्हणून ही हसली असेल, हे मी जेवताना दोनदा आडून विचारलं.

"कुठं काय, असंच," ही म्हणाली.

"येते कधी?"

"गुरुवारी."

"उतरणार कुठं?"

"पथकाबरोबर. घरी नाही." मग वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही स्टेडियमवर नक्की काय काम करता? लोकांना वाट दाखवता म्हणालात ना?"

"तेच. वाट दाखवतो," मी म्हणालो. शर्यतीपासून केंद्रापर्यंत दाखवतोच की.

मुलगी पूर्वी स्वतः चालायची. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर बाद. कंबर अशी हलते की गल्लीतली माणसं 'बदक चाललं' म्हणून हसायची. मी सायकलवर तिच्या मागं असायचो. पहाटेपासून उजाडेपर्यंत तिची पाठ तेवढी दिसायची. अजून डोळे मिटले की पाठच दिसते. तोंड नीट आठवत नाही, आणि फोटोतलं तोंड तिचं वाटत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

पथकांच्या बसगाड्या आल्या. काचा काळ्या. आत कोण ते कळत नाही. तेरा बस मोजल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

ही दुपारी तिला भेटून आली. क्रीडाग्रामाच्या फाटकाबाहेर बाकावर दोघी तासभर बसल्या म्हणे. मी विचारलं नाही. पंखा पुसायला काढला. पंखा स्वच्छ होता.

शेवटी विचारलंच. "बारीक झालीय का?"

"चांगली आहे. केस कापलेत."

"किती?"

"इतके." हिनं मानेवर हात ठेवला.

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"विचारलं."

"काय?"

"गुडघा."

एवढंच. पण विचारलं. मी पंखा परत बसवला आणि उलटा बसवला, वारा वर जायला लागला. ही म्हणाली, "छपराला घाम आलाय का?"

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

आज पुरुषांची चालण्याची शर्यत होती. डॉक्टरांनी कागद वाटले. माझ्या कागदावर तिसऱ्या आलेल्या माणसाचा क्रमांक. तो तिच्याच पथकाचा निघाला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हा कागद दुसऱ्याला द्या. पैलवान शेजारीच उभा होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आजचा दिवस मिळाला नसता.

तो रेषा ओलांडून आडवा पडला. मी कागद दाखवला, त्यानं पडल्यापडल्या सही केली. पथकाचं एक माणूस त्याच्या सोबत येऊ शकतं. ती आली.

केस खरंच कापलेत. कानामागं चार-पाच पांढरे आहेत. आधी तिनं माझ्या छातीवरचा बॅज वाचला, मग मला बघितलं, मग म्हणाली, "कुठल्या बाजूनं जायचं, काका?"

काका म्हणाली. मी "या बाजूनं" म्हणालो. वाट दाखवतो म्हणालो होतो, ती दाखवली.

प्रतीक्षाखोलीत आम्ही तिघंच. वहीवाल्या बाई पलीकडच्या खोलीत पहिल्या आलेल्याचा नमुना सील होताना बघत होत्या. ती दारापाशी नाव नोंदवायला वळली. त्या चालणाऱ्यानं टेबलावरची एक बाटली उचलली. बोटं घामानं निसटत होती. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, झाकण काही निघेना. ओठ पांढरे पडलेले. मी बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकण फिरवलं आणि त्याला दिली. कधी घेतली आणि कधी दिली, कळलंच नाही. हाताला सवय असते. तो अर्धी प्याला.

ती वळली. बाटली बघितली, झाकण माझ्या मुठीत बघितलं. तोंडावरचं रक्त उतरलं तिच्या.

"काका, बाटली त्याची त्याला उघडू द्यायची असते."

"निघत नव्हती," मी म्हणालो.

तिनं माझ्या मुठीतून झाकण काढून घेतलं. बोटं लागली. गार होती. उरलेली बाटली झाकण लावून तिनं आपल्या पिशवीत ठेवली. त्याला दुसरी निवडायला लावली, ती त्यानं दातांनी उघडली.

मग दोन तास दहा मिनिटं. वीस किलोमीटर चालल्यावर अंगात पाणीच उरत नाही, लघवी कुठून होणार? तो भिंतीला टेकून बसला, ती त्याच्या डाव्या हाताला, मी समोर. माझी नजर त्याच्यावर हवी. तिच्याकडे बघितलं तर तो नजरेआड होतो. म्हणून मी त्याच्या नाकाकडे बघत बसलो आणि ती डोळ्याच्या कडेला दिसत राहिली. बूट निळे. डावा गुडघा हलवायची सवय अजून आहे. एकदा तिनं जांभई दिली, तर मलाही आली.

तो तिला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती किंचित हसली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, या काकांची पापणी लवत नाही."

"नियम आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता पाळता."

मी परत त्याच्या नाकाकडे बघितलं. उत्तरं नंतर घरी येईपर्यंत खूप सुचली.

नमुना झाला. शेवटी फॉर्मवर शेऱ्याची चौकट असते, तपासणीत काही गैर झालं असेल तर खेळाडूनं किंवा त्याच्या माणसानं लिहायचं. तिनं पेन चौकटीत टेकवलं. पेन तिथंच राहिलं, शाईचा ठिपका पडला. मग तिनं चौकट कोरी ठेवली आणि खाली सही केली. घाई असेल. त्याला भूकही लागली होती.

जाताना "येते" म्हणाली. काका म्हणाली नाही.

बुधवारी बायकांची शर्यत आहे, त्यातही त्यांच्या दोघी आहेत. बायकांना बायकाच सोबती असतात, पण प्रतीक्षाखोली एकच. म्हणजे बुधवारी पुन्हा दिसेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

झोप नाही. पोट बिघडलं. सकाळपासून तीनदा जाऊन आलो.

नमुन्यात काही निघालं तर? त्या बाटलीत काही नव्हतं. सील मीच तोडलं, माझ्या डोळ्यांसमोर. पण मला कोण विचारणार? विचारतील त्याला. तो म्हणेल, एका म्हाताऱ्यानं बाटली उघडून दिली होती. ते म्हणतील, मग फॉर्मवर लिहिलं का नाही? आणि मग निघेल की म्हातारा त्याच्या प्रशिक्षक बाईंचा बाप आहे.

इथं ते जुनं लिहितो. कोणाला सांगायचं नाही.

ती बावीस वर्षांची होती. फार वाळली होती. इस्पितळाखालच्या दुकानदारानं ताकदीची पूड दिली, म्हणाला, सगळे घेतात. मी रोज सकाळी तिच्या दुधात घालायचो. सांगितलं असतं तर तिनं घेतली नसती, डब्यावरचं सगळं वाचायची ती. मी काही विष दिलं नव्हतं. मग तपासणीत ते निघालं. तीन माणसांची समिती बसली. घरच्यांना बोलावून विचारलं, कोणी काही दिलं होतं का? माझ्या निवृत्तीला पाच वर्षं होती. प्रयोगशाळेतल्या माणसानं घरी पूड चारली म्हटल्यावर काय झालं असतं? मी म्हणालो, मला काही माहीत नाही.

डबा तिला आदल्या दिवशीच सापडला होता. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. चार वर्षांची बंदी आली. त्यानंतर तीन वर्षं ती घरात होती, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मग परदेशी गेली. बंदी उठली तेव्हा तिकडेच होती. स्वतः पुन्हा चालली नाही, दुसऱ्यांना शिकवू लागली.

दुपारी केंद्रावर गेलो. वहीवाल्या बाई कोपऱ्यातच होत्या.

"बाई, एक सांगायचं होतं."

"आपण बसा."

बसलो. सुरुवात पोटापासून केली, मग गुडघा, मग माझ्या एकतीस वर्षांवर आलो. बाईंनी हात वर केला. "आपण काय पाहिले, काय केले, ते सांगा. काय वाटले, ते नको."

तसं सांगायला गेलं तर दोनच वाक्यं निघाली. मी सीलबंद बाटली उघडून खेळाडूला दिली. सोबत आलेली प्रशिक्षक माझी मुलगी आहे.

बाईंचं पेन थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"फॉर्मवर आपण 'नाही' लिहिले आहे."

"हो."

"हे सांगा असे आपल्याला कोणी सुचवले? मुलीने?"

"ती माझ्याशी बोलत नाही, बाई."

त्यांनी ते लिहिलं की नाही, दिसलं नाही. मग हळू म्हणाल्या, "आज नोंदले, तर ते त्या खेळाडूच्या बाजूने उभे राहील. निकालानंतर सांगितले असते, तर कोणी मानले नसते. पण आता आपण इथे काम करू शकणार नाही. आणि निकाल येऊन प्रकरण मिटेपर्यंत मुलीशी संपर्क करायचा नाही. फोन नाही, निरोप नाही, पत्नीमार्फतही नाही. समजले?"

"पथक गुरुवारी जातंय," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

बाहेर आल्यावर पैलवानानं विचारलं, "काय आप्पा, इतका वेळ? तुमचाच नमुना घेतला की काय?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी बॅज काढून घेतला. "आप्पा, तीनदा सांगितलं होतं. पोरासोरांना चारदा सांगतो मी, तुमचं वय बघून तीनदाच सांगितलं!" खूप ओरडले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, मुलीचाही जबाब झाला. उरलेली बाटली तिनं आपणहून दिली. शेऱ्याची चौकट कोरी का ठेवली विचारल्यावर म्हणाली, माझी चूक.

"तिची कसली चूक?" मी म्हणालो. "चूक माझी."

"तेच तर म्हणतोय मी दहा मिनिटं!" डॉक्टर पुन्हा ओरडले.

घरी हिला सगळं सांगितलं. वाट दाखवण्याचं सुद्धा. ही पोळपाट बाजूला सारून ऐकत राहिली. "हात दाखवून अवलक्षण केलंत," म्हणाली. "गप्प बसला असतात तर उद्या दिसली असती ना डोळ्यांना?"

"दिसली असती."

"मग?"

"पोट बिघडलं होतं."

हिनं मग न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला. पोट बिघडलेल्याला कोणी इतका भात वाढतं का?

१८ सप्टेंबर, गुरुवार

पथक आज गेलं. ही फाटकापर्यंत जाऊन आली. मी गेलो नाही. निरोप नाही म्हणजे नाही, हिलाही सांगितलं होतं, माझं नाव काढू नकोस. काढलं नसेल.

आमच्या घरावरून विमानं जातात. दुपारपासून गच्चीत बसलो. चारपर्यंत सात गेली. कुठलं तिचं, ते कळायला मार्ग नाही, म्हणून सातही नजरेआड होईपर्यंत बघितली. मान अवघडली.

२१ सप्टेंबर, रविवार

फोन आला. ही आत गेली. आज दार लोटलं नाही. तरीही मीच उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. आवाज कानावर पडला तर तो संपर्क होतो की नाही, हे बाईंना विचारायचं राहिलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी अकराला डॉक्टरांचा फोन. मला वाटलं आता पोलीसच.

"आप्पा, नमुना स्वच्छ. बाटलीतलं पाणी म्हणजे पाणी. प्रकरण मिटलं. बाईंच्या अहवालात तुमचा परिच्छेद आहे, नाव नाही. 'एका सोबत्याने निकालापूर्वी स्वतःहून माहिती दिली.' पुढच्या वेळी नातेवाइकांचं दुसऱ्या माणसानं पडताळावं असंही लिहिलंय. तुमच्यापायी मला तीन पानी खुलासा लिहावा लागला."

"माफ करा डॉक्टर."

"ते राहू द्या. बाईंनी खास कळवलंय. तुमच्यावरचं बंधन उठलं. बोलायला हरकत नाही."

फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसलो. बंदी होती तोवर बरं होतं. बोलत नाही ते का, तर मनाई आहे. गेले दोन आठवडे मी हिला, पैलवानाला, दूधवाल्यालासुद्धा सांगत होतो, मनाई आहे. आता कशाआड लपू?

ही बाजारात गेली होती. हिचा मोबाइल टेबलावर होता. म्हटलं, ही आल्यावर बघू. मग म्हटलं, ही आली की दार लोटून आत जाईल. कागदावर लिहून काढलं, काय बोलायचं ते. पूड मी दिली होती. समितीसमोर मी खोटं बोललो. बाई म्हणाल्या होत्या तसं, केलं तेवढंच, वाटलं ते नको. दोन ओळी झाल्या. बारा वर्षं लागली त्याला, आणि कागद अजून तीन बोटं कोरा.

तिच्याकडे किती वाजलेत ते माहीत नव्हतं. लावला. चार वेळा वाजला.

"हां आई, बोल."

"आई नाही," मी म्हणालो. "मी आहे."

मागून गाड्यांचा आवाज येत होता. एक हॉर्न वाजला, लांबलचक. मी कागद डोळ्यांसमोर धरला. आता ठेवेल, आता ठेवेल असं वाटत राहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "गाडी बाजूला घेते."

मी थांबलो.